अपग्रेडनंतर ईएसएक्सआय होस्टवर नेटवर्कचा लाल अलार्म: खरा की खोटा, हे ठरवायचे कसे

ईएसएक्सआय ही एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली, आणि ती ज्यावर चालते तो सर्व्हर म्हणजे होस्ट. ६.७ किंवा ७.० वरून ८.० वर नेलेला होस्ट रीबूट होऊन परत येतो. व्हर्च्युअल मशीन चालू होतात, पिंगला उत्तर येते, युजरची तक्रार नसते, तरीही व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) होस्टच्या नावावर लाल खूण दिसते: ‘नेटवर्क अपलिंक रिडंडन्सी लॉस्ट’, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारा राखीव मार्ग उरला नाही. अशा वेळी कोणी ‘रिसेट टू ग्रीन’ दाबून मोकळा होतो, तर कोणी साप साप म्हणून भुई धोपटत रात्रभर केबल आणि कार्डे बदलत बसतो. दोघांनीही एक गोष्ट केलेली नसते. हा अलार्म नेमका कुठल्या क्षणाबद्दल बोलतो आहे, हे पाहिलेले नसते.

६.७ चा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला आणि ७.० चा २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या होस्टची रांग अजून बरीच मोठी आहे, त्यामुळे हा प्रसंग पुढची काही वर्षे येतच राहणार.

अलार्म लागतो कसा

होस्टवर व्हीओबीडी नावाची सेवा सतत चालू असते. नेटवर्क पोर्टची लिंक पडली की ती आधी त्या पोर्टची नोंद करते. मग तो पोर्ट कोणत्या व्हर्च्युअल स्विचवर (होस्टच्या आतल्या सॉफ्टवेअर-स्विचवर) आहे आणि तिथे आता किती पोर्ट जिवंत उरले, ते पाहून दुसरी नोंद करते. एक पोर्ट गेला पण मागे एकापेक्षा जास्त उरले, तर ‘रिडंडन्सी डिग्रेडेड’. एकच उरला तर ‘रिडंडन्सी लॉस्ट’. एकही उरला नाही तर ‘कनेक्टिव्हिटी लॉस्ट’. ही नोंद व्हीपीएक्सए या एजंटमार्फत व्हीसेंटरकडे जाते आणि तिथे अलार्म पेटतो. लिंक परत आली की ‘रिस्टोअर्ड’ अशी उलटी नोंद जाते आणि अलार्म विझतो.

म्हणजे व्हीसेंटर दर मिनिटाला पोर्ट तपासून लाल-हिरवे ठरवत नाही. त्याच्याकडे आलेल्या निरोपांवरच सगळे चालते. अपग्रेडनंतरच्या बूटमध्ये पोर्ट एकाच क्षणी वर येत नाहीत. एका कार्डाचा ड्रायव्हर आधी लोड होतो, दुसऱ्याचा काही सेकंदांनी. त्याच सुमारास एजंट व्हीसेंटरशी पुन्हा जोडला जात असतो. ‘गेले’ हा निरोप पोचला आणि ‘आले’ हा निरोप मधल्या गडबडीत हरवला, तर लाल खूण तशीच राहते. ती काढायला पुढे कोणीच येत नाही. खोट्या अलार्मचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच.

आधी घड्याळ जुळवा

अलार्मवर क्लिक करून ‘ट्रिगर्ड’ वेळ लिहून घ्या. मग होस्टवर एसएसएच करून व्हार-लॉग फोल्डरमधली व्हीओबीडी डॉट लॉग ही फाइल उघडा. ईएसएक्सआयचे लॉग यूटीसी वेळेत असतात आणि व्हीस्फीअर क्लायंट (व्हीसेंटरचे वेब-पान) तुमच्या ब्राउझरची वेळ दाखवतो, त्यामुळे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. क्लायंटमध्ये रात्री १.१० चा अलार्म असेल, तर लॉगमध्ये आदल्या तारखेचे १९:४० शोधायचे. मध्यरात्रीच्या कामात ही तारीख चुकते आणि माणूस भलत्याच रीबूटच्या ओळी वाचत बसतो.

फाइलमध्ये ‘रिडंडन्सी’ आणि ‘लिंकस्टेट’ हे शब्द (लहान इंग्रजी अक्षरांत) ग्रेप या शोधण्याच्या कमांडने शोधा. ‘लॉस्ट’च्या ओळीत व्हर्च्युअल स्विचचे नाव, पडलेल्या पोर्टचे नाव आणि बाधित पोर्टग्रुपची (सारख्या सेटिंगच्या व्हर्च्युअल पोर्टांच्या गटांची) यादी, तिन्ही गोष्टी असतात. आता त्याच पोर्टची पुढची ओळ पाहा.

‘लॉस्ट’ बूटच्या वेळचा असून काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत ‘रिस्टोअर्ड’ आले असेल, तर अलार्म शिळा आहे. ‘रिस्टोअर्ड’ आलेच नसेल, तर तो पोर्ट या क्षणीही बंद आहे. आणि डाउन-अप-डाउन-अप अशी माळ लागली असेल किंवा ‘फ्लॅपिंग’ हा शब्द दिसला, तर अलार्म पूर्ण खरा आहे. अशा वेळी आधी ट्रान्सीव्हर, केबल आणि स्विचचा पोर्ट यांच्याकडे जा.

मग लिंक डोळ्यांनी पाहा

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या लहान इंग्रजी अक्षरांत करायच्या. ‘ईएसएक्ससीएलआय नेटवर्क निक लिस्ट’ ही कमांड सगळे भौतिक पोर्ट एका तक्त्यात दाखवते: नाव, ड्रायव्हर, अ‍ॅडमिन स्टेटस, लिंक स्टेटस, वेग, डुप्लेक्स, मॅक पत्ता, एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार). यातले अ‍ॅडमिन स्टेटस आणि लिंक स्टेटस वेगळे वाचा. अ‍ॅडमिन ‘डाउन’ म्हणजे पोर्ट कोणीतरी होस्टवरूनच बंद केला आहे. अ‍ॅडमिन ‘अप’ आणि लिंक ‘डाउन’ म्हणजे समोरून सिग्नल येत नाही.

हा तक्ता अपग्रेडच्या आधीही काढून ठेवलेला असेल तर निम्मे काम तिथेच संपते. प्रत्येक होस्टसाठी पोर्टचे नाव, मॅक, ड्रायव्हर, फर्मवेअर, वेग आणि समोरच्या स्विचचा पोर्ट क्रमांक एवढे लिहून ठेवा. फर्मवेअरची आवृत्ती ‘निक गेट’ला हायफन एन आणि पोर्टचे नाव दिले की मिळते. समोरचा स्विच-पोर्ट सीडीपी किंवा एलएलडीपीच्या (शेजारची उपकरणे एकमेकांना ओळख सांगतात त्या प्रोटोकॉलांच्या) माहितीत दिसतो. एलएलडीपी फक्त डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (व्हीसेंटरमधून अनेक होस्टांसाठी एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या व्हर्च्युअल स्विचवर) चालते, साध्या व्हीस्विचवर सीडीपीच.

नंतरचा तक्ता आधीच्या तक्त्याशी जुळवताना नाव बाजूला ठेवा आणि मॅकवरून जुळवा. ईएसएक्सआय पोर्टची नावे जपून ठेवते. पण अपग्रेडच्याच रात्री बायोस अपडेट केला किंवा कार्डाचा स्लॉट बदलला, तर व्हीएमनिक२ चे व्हीएमनिक४ होऊ शकते. मग व्हर्च्युअल स्विच भलत्याच, केबल नसलेल्या पोर्टला अपलिंक समजून बसतो. अलार्म वरवर खोटा वाटतो, कारण ट्रॅफिक उरलेल्या एका पोर्टवरून चाललेले असते. प्रत्यक्षात तुम्ही एका केबलवर लटकलेले असता.

शिळा अलार्म कसा काढावा

सगळे पोर्ट वर आहेत, वेग आधीइतकाच आहे आणि लॉगमध्ये ‘रिस्टोअर्ड’ आहे, अशी खातरजमा झाल्यावरच ‘रिसेट टू ग्रीन’ दाबा. खूण तरीही हटली नाही किंवा पुन्हा तीच जुनी खूण आली, तर एजंटचा व्हीसेंटरशी संबंध नीट झालेला नाही. होस्टवर व्हीपीएक्सए ही सेवा एकटी रीस्टार्ट करा. तेवढ्याने भागले नाही तर होस्टडी, म्हणजे होस्टची मुख्य व्यवस्थापन-सेवा. चालू मशीनना याने धक्का लागत नाही, फक्त होस्ट क्लायंटमध्ये मिनिटभर ‘डिसकनेक्टेड’ दिसतो.

‘सर्व्हिसेस डॉट एसएच रीस्टार्ट’ ही सगळ्या सेवा एका दमात उठवणारी कमांड अनेकांच्या बोटांवर बसलेली आहे. डिस्ट्रिब्युटेड स्विचवर एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधण्याची पद्धत) लावलेली असेल तर ती वापरू नका. तिच्यात एलएसीपीची सेवाही रीस्टार्ट होते आणि खोटा अलार्म घालवण्याच्या नादात खरी लिंक पडू शकते.

दरवेळी परत येणारा अलार्म

शिळा अलार्म एकदा काढला की संपतो. प्रत्येक रीबूटनंतर येणाऱ्या अलार्मचे कारण मात्र बहुधा रचनेत असते.

सर्वात आधी व्हर्च्युअल स्विचला जोडलेला, पण केबलच नसलेला पोर्ट शोधा. चार पोर्टच्या कार्डातले दोन वापरात असतात आणि चारही ‘पुढे लागतील’ म्हणून स्विचला लावून ठेवलेले असतात. जुन्या आवृत्तीत कोणीतरी अलार्म एकदा हिरवा केलेला असतो, म्हणून तो विसरला जातो. अपग्रेडनंतरच्या बूटमध्ये लिंक पुन्हा मोजली जाते आणि तो उगवतो. उपाय सरळ आहे: ‘ईएसएक्ससीएलआय नेटवर्क व्हीस्विच स्टँडर्ड अपलिंक रिमूव्ह’, हायफन यूनंतर पोर्ट आणि हायफन व्हीनंतर व्हीस्विचचे नाव. डिस्ट्रिब्युटेड स्विचवर हे क्लायंटमधून ‘मॅनेज फिजिकल अ‍ॅडाप्टर्स’मध्ये करा.

इथे एक खड्डा आहे. आयस्कझीचे (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याच्या पद्धतीचे) पोर्ट बाइंडिंग असलेल्या पोर्टग्रुपवर एकच अपलिंक ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि बाकी ‘अनयूज्ड’ असावे लागतात. ‘स्टँडबाय’सुद्धा चालत नाही. तिथली रिडंडन्सी पोर्टवर अवलंबून नसते, ती स्टोरेजच्या मल्टिपाथिंगकडे असते. मॉनिटरिंगच्या समाधानासाठी तिथे दुसरा अपलिंक वर ओढला, तर बाइंडिंग नियमबाह्य ठरते आणि स्टोरेजचे मार्ग जातात.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे व्हीयूएसबी० नावाचा पोर्ट. ७.० पासून बऱ्याच सर्व्हरांवर तो निक लिस्टमध्ये दिसू लागतो आणि लोक दचकतात. हे कार्ड नव्हे. सर्व्हरच्या मॅनेजमेंट कंट्रोलरने, म्हणजे लेनोवोच्या एक्सक्लॅरिटी कंट्रोलरने किंवा डेलच्या आयड्रॅकने, आतून यूएसबीवर दाखवलेले नेटवर्क असते आणि त्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. कंट्रोलर रीसेट झाला की लिंक पडते आणि ‘लिंकस्टेट डाउन’ची नोंद होते. तो कुठल्याही व्हर्च्युअल स्विचला जोडलेला नाही याची खात्री करा. निर्मात्याची साधने होस्टमधून फर्मवेअर अपडेट किंवा हार्डवेअरची माहिती घेण्यासाठी हा मार्ग वापरत असतील, तर त्याला हात लावू नका. वापरत नसतील तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ‘लॅन ओव्हर यूएसबी’ किंवा ‘ओएस टू आयड्रॅक पास-थ्रू’ बंद करा. अलार्म दाबून टाकण्यापेक्षा हे स्वच्छ.

तिसरी खूण पिवळी असते: ‘या होस्टला सध्या मॅनेजमेंट नेटवर्क रिडंडन्सी नाही’. हा अलार्म नव्हे, व्हीस्फीअर एचएची (होस्ट पडला तर त्याची मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू करणाऱ्या सोयीची) सूचना आहे. अपग्रेडनंतर एचएचा एजंट होस्टवर नव्याने बसतो आणि सगळे पुन्हा तपासतो, म्हणून ती नेमकी तेव्हा वर येते. मॅनेजमेंटच्या स्विचला दुसरा अपलिंक द्या, किंवा दुसऱ्या नेटवर्कवर दुसरा व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टच्या स्वतःच्या ट्रॅफिकचा पोर्ट) मॅनेजमेंटसाठी उघडा. शाखा-कार्यालयातला एकच पोर्ट असलेला होस्ट असेल आणि पर्यायच नसेल, तर क्लस्टरच्या एचएच्या प्रगत पर्यायांत ‘डास डॉट इग्नोअररिडंडंटनेटवॉर्निंग’ची किंमत ‘ट्रू’ करा. मग होस्टवर उजवी क्लिक करून ‘रीकन्फिगर फॉर व्हीस्फीअर एचए’ चालवा. ही दुसरी पायरी विसरली की सूचना तशीच राहते आणि सेटिंग चालत नाही असा गैरसमज होतो.

चौथा प्रकार ‘बीकन प्रोबिंग’चा. टीमिंगमध्ये (अनेक अपलिंक एकत्र वापरण्याच्या सेटिंगमध्ये) ‘नेटवर्क फेल्युअर डिटेक्शन’ या जागी ‘लिंक स्टेटस ओन्ली’ ऐवजी बीकन निवडलेले असेल, तर पोर्ट एकमेकांना छोटे संदेश पाठवून मार्ग शाबूत आहे का ते पाहतात. दोनच अपलिंक असतील तर संदेश हरवल्यावर दोघांपैकी कोण आजारी, हे ठरवताच येत नाही, आणि स्विच दोन्हीकडून ट्रॅफिक पाठवू लागतो. बीकनला किमान तीन अपलिंक हवेत आणि आयपी हॅशबरोबर (आयपी पत्त्यांवरून अपलिंक निवडण्याच्या पद्धतीबरोबर) ते वापरायचे नसते. तीन नसतील तर ‘लिंक स्टेटस ओन्ली’ ठेवा.

डिस्ट्रिब्युटेड स्विचचा ‘हेल्थ चेक’ चालू असेल तर व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी केलेली नेटवर्के) आणि एमटीयू जुळत नसल्याचे अलार्म येतात. पोर्टग्रुपवर ० ते ४०९४ असा सगळा ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच पोर्टवरून नेणे) लिहिला असेल, तर भौतिक स्विचवर नसलेल्या प्रत्येक व्हीलॅनबद्दल तक्रार होणारच. ही तपासणी निदानापुरती चालू करून नंतर बंद ठेवावी. तिच्या संदेशांमुळे भौतिक स्विचच्या मॅक टेबलवर फुकटचा भार पडतो.

खोटे वाटणारे, पण खरे

वरचे सगळे खोटे अलार्म त्रासदायक असतात, पण घातक नसतात. घातक ते, जे खोटे समजून हिरवे केले जातात.

पहिला संशय ड्रायव्हरवर घ्या. एप्रिल २०२० च्या ७.० मध्ये लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरांना आधार देणारा व्हीएमकेलिनक्स हा थरच काढून टाकला गेला. त्यावर चालणारे रिअलटेकचे सामुदायिक ड्रायव्हर त्याच क्षणी निकामी झाले. ८.० मध्ये मेलॅनॉक्सच्या कनेक्टएक्स-३ कार्डांचा ड्रायव्हर गेला. अशा होस्टवर पोर्ट ‘डाउन’ दिसत नाही, तो यादीतूनच नाहीसा होतो. दोन वेगळ्या कार्डांतले एकेक पोर्ट जोडून टीम केली असेल तर एक उरतो, काम चालते आणि अलार्म ‘जुनाच असेल’ म्हणून दुर्लक्षित राहतो. म्हणून यादीतल्या पोर्टांची संख्या आधीच्या तक्त्याशी जुळवा. अपग्रेडआधी ब्रॉडकॉमच्या कम्पॅटिबिलिटी गाइडमध्ये कार्डाचे चारही आयडी, म्हणजे व्हेंडर, डिव्हाइस, सबव्हेंडर आणि सबडिव्हाइस, घालून पाहिले असते तर हे आधीच कळले असते.

इंटेलची एक्स७१० कार्डे असलेल्यांनी ७.० अपडेट ३ ची गोष्ट लक्षात ठेवावी. एकाच कार्डासाठी आय४०ईएन आणि आय४०ईएनयू असे दोन ड्रायव्हर होस्टवर एकत्र राहिले की अपग्रेडच अडकत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते अपडेट मागे घेतले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ३सी आले. आजही जुन्या ७.० वरून पुढे जाताना ‘ईएसएक्ससीएलआय सॉफ्टवेअर व्हिब लिस्ट’मध्ये (होस्टवर बसवलेल्या पॅकेजांच्या यादीत) ‘आय४०’ शोधा. दोन्ही दिसले तर आधी त्या आवृत्तीच्या सूचनेप्रमाणे निस्तरा, मग पुढे जा.

२५ गिगाबिटच्या पोर्टवर एफईसी नावाची चूक-दुरुस्तीची पद्धत दोन्ही टोकांना सारखी लागते. नव्या ड्रायव्हरबरोबर होस्टच्या बाजूची स्वयंचलित निवड बदलली आणि स्विचवर पद्धत हाताने बांधलेली असेल, तर लिंक उठत नाही. केबल बदलून काही होत नाही, स्विचवर पद्धत जुळवावी लागते. वेग हाताने ठरवलेल्या एक गिगाबिटच्या जुन्या पोर्टांचे दुखणे याच जातीचे. दोन्ही बाजू ऑटो ठेवा.

यातला सगळ्यात फसवा प्रकार स्विचच्या स्पॅनिंग ट्रीचा (नेटवर्कमधली चक्रे टाळणाऱ्या पद्धतीचा) आहे. पोर्टफास्ट (थांबणे टाळणारी सेटिंग) नसलेला पोर्ट लिंक आल्यावर लगेच ट्रॅफिक वाहत नाही. जुन्या पद्धतीत १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग वाहू लागतो. होस्टला मात्र लिंक वर दिसते. टीमिंगमध्ये ‘फेलबॅक’ ‘येस’ असेल तर होस्ट लगेच ट्रॅफिक त्या पोर्टवर परत नेतो आणि ३० सेकंद सगळे खड्ड्यात जाते. अलार्म हिरवा होतो नेमका त्याच क्षणी मशीन तुटतात. भौतिक स्विचवर ट्रंक पोर्टसाठीचा पोर्टफास्ट लावा. साध्या अ‍ॅक्सेस पोर्टचा पोर्टफास्ट ट्रंकवर लागू होत नाही, ही चूक फार दिसते. स्विचवाल्यांची परवानगी मिळेपर्यंत फेलबॅक ‘नो’ ठेवा.

हिरवे करण्याआधीची परीक्षा

होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (मशीन चालत नाहीत अशा देखभालीच्या स्थितीत) असतानाच पोर्टची लिंक आणि व्हीएमकर्नलचा पिंग तपासा. बाहेर काढल्यावर डीआरएस (होस्टांमध्ये मशीन आपोआप वाटणारी सोय) मशीन ओतण्याआधी तिला ‘मॅन्युअल’वर ठेवा आणि त्या होस्टवर एकच चाचणी मशीन नेऊन आतून गेटवेला सतत पिंग लावा. मग स्विचच्या बाजूने एकेक पोर्ट बंद करून बघा. पिंग एक-दोन ठोके चुकून सावरला, तर मार्ग पक्का. होस्टवरूनही ‘निक डाउन’ने पोर्ट पाडता येतो, पण मॅनेजमेंट त्याच पोर्टवर असेल तर एसएसएच तुटेल. म्हणून सर्व्हरचा रिमोट कन्सोल आधी उघडून ठेवा.

चाचणी मशीन कोणत्या पोर्टवरून जात आहे, ते ईएसएक्सटॉप उघडून ‘एन’ दाबल्यावर ‘टीम-पीनिक’ या स्तंभात दिसते. पोर्ट पाडल्यावर तिथले नाव बदलायला हवे.

व्हीमोशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर नेणे) किंवा स्टोरेजच्या नेटवर्कवर ९००० एमटीयू असेल तर साधा पिंग पुरत नाही. व्हीएमकेपिंगला हायफन आय (इथे मात्र मोठे इंग्रजी अक्षर), त्यानंतर व्हीएमकर्नल पोर्ट, हायफन डी आणि हायफन एस ८९७२ द्या. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२. हायफन डी विसरला तर पाकीट तुकडे होऊन पोचते आणि एमटीयूचा घोळ झाकला जातो. ही तपासणी दोन्ही अपलिंकवर वेगवेगळी करा, कारण घोळ बहुतेकदा एकाच स्विचवर असतो.

आणखी एक गोष्ट अलार्म कधीच सांगत नाही. दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर किंवा एकाच भौतिक स्विचला असले तरी त्याच्या हिशेबी रिडंडन्सी पूर्ण आहे. वरच्या तक्त्यातला स्विच-पोर्टचा रकाना यासाठीच आहे.

पुढच्या होस्टला त्रास कमी व्हावा म्हणून

अपग्रेडच्या आधी होस्टवर उजवी क्लिक करून ‘अलार्म्स’मध्ये ‘डिसेबल अलार्म अ‍ॅक्शन्स’ करा. याने अलार्म दिसत राहतात, फक्त मेल आणि ट्रॅप (देखरेख-साधनांना जाणारे इशारे) जात नाहीत. काम झाल्यावर ‘एनेबल’ करणे कामाच्या यादीत वेगळी ओळ म्हणून लिहा. हे विसरलेले होस्ट पुढे महिनोन्‌महिने मुके राहतात. व्हीसेंटरच्या मुळाशी असलेली अलार्मची व्याख्याच बंद करणे हा उपाय नाही, ती एक व्याख्या सगळ्या होस्टांसाठी आहे.

बाहेरून एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलने पाहणारी साधने असतील तर त्यांचाही हिशेब करा. अपग्रेडनंतर इंटरफेसचे क्रमांक बदलू शकतात. क्रमांकावर बांधलेला सेन्सर मग जुना पोर्ट हरवला म्हणून ओरडतो किंवा गुपचूप भलताच पोर्ट मोजू लागतो. होस्ट पुन्हा शोधायला लावा आणि सेन्सर शक्यतो नावावर बांधा. हे एका होस्टवर करून, सेन्सर बरोबर पोर्ट मोजतो आहे हे पाहून, मगच दुसरा होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका.